कोशिंबिरीएवढा भात

नवा मधुमेही ओळखायला रक्त तपासावं लागत नाही. सकाळी सहा वाजता नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईत तळ्याकाठच्या वाटेवर उभं राहिलं की पुरे. जुना मधुमेही रमतगमत येतो, ओळखीच्यांना हात करतो, यंदा फ्लेमिंगो किती आलेत याची चौकशी करतो आणि बाक दिसला की त्याचा मान राखतो. नवा येतो तो दात आवळून, नाकासमोर बघत. पायात कोरे बूट, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. ते घड्याळ थरथरलं की त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं, ते मुलाच्या बारावीच्या निकालालाही दिसलं नसेल.

फेऱ्या संपल्या की तो रसवाल्यापाशी थांबतो. आमच्याकडे कुठल्याही मोठ्या बागेच्या दाराशी सकाळी एक टेबल लागतं आणि त्यावर हिरव्या-तपकिरी रसांच्या बाटल्या मांडलेल्या असतात. कारलं, दुधी, आवळा, कडुनिंब, गव्हांकुर. नवा मधुमेही डोळे मिटून कारल्याचा ग्लास एका दमात रिकामा करतो, सर्वांगाने शहारतो आणि मग पलीकडे सायकलला स्टीलचा डबा बांधून उभ्या असलेल्या अण्णाकडून दोन मेदूवडे घेतो. कडू पोटात गेलं, आता तळलेलं गेलं तरी चालतं. असा हिशेब शरीर मान्य करतं की नाही हे विचारायच्या भानगडीत कोणी पडत नाही.

मीही याच रांगेतला. कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझं एचबीएवनसी वाढलेलं निघालं आणि डॉक्टरांनी कागदावर बोट ठेवून सांगितलं, "टाईप टू. गोळी सुरू करू, पण खरं काम तुमच्या ताटात आहे." ते वाक्य मी घरी नेलं आणि तिथे त्याचा अर्थ 'चहात साखर बंद' एवढाच लावण्यात आला.

या एचबीएवनसीने अनेकांची सोय बुडवली. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात. तेवढ्या काळात त्यांतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली, ते ही तपासणी मोजते. 6.5 टक्के किंवा वर गेलात तर मधुमेह, 5.7 ते 6.4 असाल तर उंबरठ्यावर. पूर्वी उपाशीपोटीचा एक आकडा आणि जेवणानंतर दोन तासांचा दुसरा, एवढ्यावर भागायचं आणि त्यात माणसाला थोडं कर्तृत्व दाखवता यायचं. आमच्या सोसायटीतले एक काका तपासणीच्या आधी तीन दिवस भाताकडे ढुंकून बघत नसत. लॅबवाल्याने "जेवून या" म्हटलं की अर्धा फुलका आणि काकडी खाऊन जात. रिपोर्ट चांगला आला की त्याच पावली मिठाईच्या दुकानात शिरत. एचबीएवनसीपुढे ही हुशारी चालत नाही. दोन महिन्यांपूर्वीचं बारसंसुद्धा तिच्या लक्षात असतं.

उंबरठ्यावरच्या लोकांचा थाट वेगळाच. "मी अजून बॉर्डरवर आहे," हे ते सैन्यातल्या माणसाच्या रुबाबात सांगतात. काहीजण वर्षानुवर्षं बॉर्डरवर आहेत, बदली मागत नाहीत. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे आकडे 2023 साली लॅन्सेटच्या मधुमेहविषयक नियतकालिकात आले. त्यानुसार देशात 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे आणि 13 कोटी 60 लाख लोक बॉर्डरवर. एवढा मोठा बंदोबस्त देशाच्या दुसऱ्या कुठल्याही सीमेवर नसेल. टक्केवारीत पहिला नंबर गोव्याचा, 26.4 टक्के. हे वाचल्यावर आमच्या मडगावच्या मेहुण्याने आधी अभिमानाने फोन केला आणि विषय लक्षात आल्यावर ठेवून दिला.

मधुमेह झाला की भेटायला येणारे फळं आणत नाहीत, कारण फळांवरही संशय असतो. ते सल्ला आणतात. रात्री भिजवलेली मेथी. जांभळाच्या बियांची पूड. विजयसार लाकडाचा पेला, ज्यात पाणी ठेवलं की सकाळी त्याला रंग येतो आणि रंग आला म्हणजे गुण आलाच. तळमजल्यावरच्या काकूंनी गुडमारची पानं आणली. ते पान चावलं की काही वेळ जिभेला गोड कळत नाही, हे अगदी खरं आहे. काकूंनी पान चावायला लावलं आणि पुरावा म्हणून लगेच हातावर पेढा ठेवला. पेढ्याला काही चव लागली नाही. तरी तो पूर्ण खाल्ला, काकूंसमोर टाकणार कसा? जीभ फसली, स्वादुपिंड काही फसलं नाही.

गूळवाल्यांचा पक्ष सगळ्यांत मोठा. साखर विष, गूळ अमृत, त्यातही सेंद्रिय आणि कोल्हापूरचा असला तर औषधच. गुळातही मुख्यतः सुक्रोजच असतं आणि रक्तात उतरल्यावर ते गुऱ्हाळातून आलं की साखर कारखान्यातून, याची कोणी चौकशी करत नाही. पण हे बोलून दाखवलं की समोरचा माणूस दुखावतो. मधाबद्दल तर मी तोंडच उघडत नाही.

या सगळ्या सल्ल्यांत एक गोष्ट सारखी दिसते. प्रत्येकजण काहीतरी वाढवायला सांगतो. आहे त्या जेवणात आणखी काय घालायचं, आधी काय प्यायचं, वर काय चघळायचं. त्या जेवणातून काय काढायचं, हे कोणीच बोलत नाही. पाहुण्याच्या ताटातून काही उचलून घेण्याची आपल्याकडे रीतच नाही, आणि मधुमेही हा घरातला कायमचा पाहुणा.

माझी खरी परीक्षा पिठाच्या गिरणीत झाली. आमच्या सेक्टरातला गिरणीवाला डबा बघूनच विचारतो, "साधं की शुगरवालं?" शुगरवालं म्हणजे गहू, ज्वारी, नाचणी, जव, सोयाबीन, चणे आणि मूठभर मेथी. प्रमाण त्याला तोंडपाठ. "किती आहे तुमची?" असंही तो विचारतो आणि आकडा ऐकून नाचणी कमीजास्त करतो. रांगेतले बाकीचे मग चर्चेत उतरतात, आणि नवी मुंबईत अशी चर्चा सुरू झाली की महाराष्ट्राचा नकाशाच उलगडतो. सोलापूरकर म्हणतो, ज्वारी खाणाऱ्याला शुगर होतच नाही. धुळ्याचा माणूस कळण्याच्या भाकरीखेरीज कशाला जेवण मानत नाही. साताऱ्याहून येऊन तुर्भ्याच्या बाजारात माथाडी म्हणून राबलेले आजोबा बाजरीची बाजू घेतात. आणि ज्यांच्या जमिनीवर हे शहर उभं आहे, ते करावे गावातले माझे आगरी मित्र तांदळाच्या भाकरीचं नाव काढून सगळ्यांना गप्प करतात. "मासलीत साखर नाय, भाऊ," हा त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. फक्त त्या मासलीबरोबर तीन भाकऱ्या जातात.

पोळी सोडून भाकरी धरली की काम झालं, ही समजूत मीही मनोभावे बाळगली होती. पण आयसीएमआरच्याच पाहणीवर आधारलेला एक अभ्यास 2025 साली नेचर मेडिसिन या नियतकालिकात आला. भारतीय माणसाला दिवसाच्या ऊर्जेपैकी सुमारे 62 टक्के ऊर्जा कर्बोदकांतून मिळते, म्हणजे भात, पोळी, साखर आणि त्यांच्या भावकीतून. आणि पांढऱ्या भाताऐवजी नुसतं गव्हाचं किंवा भरड धान्याचं पीठ आणल्याने मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसत नाही. एकूण कर्बोदकंच कमी करावी लागतात आणि त्या जागी डाळी-कडधान्यं, दूधदुभतं अशी प्रथिनं आणावी लागतात. ज्वारी वाईट असं कोणी म्हणत नाही. तिच्यात तंतू आहेत, साखर सावकाश चढते, हे खरंच. पण ज्वारीची एक रुंद भाकरी दोन फुलक्यांचं पीठ सहज पोटात घेते, आणि "भाकरीच तर आहे" म्हणून आपण दुसरी मागतो.

"पण तुम्ही तर बारीक आहात!" हे मला दिवसाआड कोणीतरी ऐकवतं. हात-पाय काटकुळे, मधोमध पोट, या बांध्याला आपण बारीक म्हणतो. या बांध्याची जगभर ओळख करून दिली ती एका मराठी मुलखातल्या डॉक्टरांनीच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली लॅन्सेटमध्ये आपला दोघांचा फोटो छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, नेमका 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2. सोबत त्यांनी हेही लिहून टाकलं की युडकिन मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद होण्याआधी ते गाठायला धावणं. विज्ञानाच्या नियतकालिकात इतका मराठी विनोद त्याआधी छापून आला असेल असं वाटत नाही. वरून सडपातळ आणि आतून चरबीदार या भारतीय शरीराची मुळं याज्ञिकांनी आईच्या पोटातल्या कुपोषणापर्यंत शोधत नेली आहेत. मला या संशोधनाने फार धीर आला. निदान दोष एकट्या माझ्या वडापावांचा नाही.

शेवटी कंपनीने एका आहारतज्ज्ञ बाईंशी गाठ घालून दिली. त्यांनी कुठलंही पथ्य न सांगता एकच मागणी केली, घरच्या जेवणाचा फोटो पाठवा. रविवार होता. बायकोने हौसेने ताट वाढलं: वरणभात, पोळ्या, बटाट्याची भाजी, साबुदाण्याची पापडी, वाटीत थोडा शिरा, आणि मी शुगरवाला म्हणून शिऱ्यात गूळ. बाईंचं उत्तर आलं, "छान आहे. भात, गहू, बटाटा, साबुदाणा, रवा आणि गूळ. म्हणजे एकच पदार्थ सहा नावांनी." आमच्या घरात त्यानंतर बराच वेळ शांतता होती.

मराठी ताटाची रचना नीट पाहिली तर मधुमेहासाठी याहून सोयीचं ताट सापडणार नाही. फक्त आपण ते उलटं वापरतो. मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर हे सगळं डावीकडे, चिमटीत मावेल एवढं. मधोमध भाताची मूद, वर वरण आणि तूप. सुरुवात भाताने, मध्ये पोळ्या आणि शेवट पुन्हा ताकभाताने. भाज्या आणि प्रथिनं आधी खाऊन भात-पोळी शेवटी खाल्ली तर जेवणानंतरची साखर कमी चढते, असं अलीकडच्या प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे सुरुवातीची ती मूद शेवटी नेली तर बरं. बाईंनी सूत्र दिलं: अर्धं ताट भाजी-कोशिंबीर, पाव ताट उसळ, घट्ट वरण, पनीर, अंडं किंवा मासा, आणि उरलेल्या पावात काय तो भात किंवा पोळी. बायकोने त्याचं घरगुती भाषांतर केलं आणि ते आता आमच्या फ्रिजवर चिकटवलेलं आहे: कोशिंबीर भाताएवढी, भात कोशिंबिरीएवढा.

ऐकायला सोपं वाटतं. पण वाटीभर कोशिंबीर करायला दोन काकड्या, दोन टोमॅटो, कोबीचा तुकडा आणि एक माणूस लागतो. भात कुकर करतो, कोशिंबीर मी करतो. ताटातली खालच्या दर्जाची जागा तिला का मिळाली असेल, हे चिरताना लक्षात येतं.

भाताची मात्रा कमी झाली, तेव्हा घरात दुसरा प्रश्न उभा राहिला: एकादशी. आमच्याकडे उपवास कडक असतो, म्हणजे त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त खावं लागतं. 100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात जवळजवळ 88 ग्रॅम कर्बोदकं असतात, प्रथिनं शोधून सापडत नाहीत. हा साबुदाणा मूळ दक्षिण अमेरिकेतल्या एका कंदाचा आणि तयार होतो मुख्यतः तमिळनाडूत सेलमला. जोडीला बटाटा, तोही दक्षिण अमेरिकेचाच. वर उपासाचं थालीपीठ, रताळ्याचा कीस, वरईचा भात. पांडुरंगाला यातलं काय ठाऊक होतं, कोण जाणे. तुकोबांच्या हयातीत ही खिचडी देहूपर्यंत पोचली असेल असं मला वाटत नाही. मी आईला म्हटलं, मी एकादशीला साधं जेवतो, त्यात माझा जास्त उपवास घडेल. आईने आठवडाभर अबोला धरला. तडजोड म्हणून आता दाण्याची आमटी, ताक, काकडी आणि वरई नावापुरती, एवढ्यावर माझी एकादशी पार पडते. विठ्ठलाची अजून तक्रार नाही.

दीक्षित की दिवेकर, हा वाद तुमच्याही घरी झाला असणार. डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावरून सांगितलेली पद्धत म्हणजे दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी 55 मिनिटांच्या आत जेवायचं, मधे काही नाही, आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. ऋजुता दिवेकरांचं म्हणणं थोडं थोडं, वेळच्या वेळी, घरचं आणि आपल्या मातीतलं खा. काही वर्षांपूर्वी या दोन पंथांवरून महाराष्ट्रात जेवढी भांडणं झाली, तेवढी पूर्वी फक्त गणपतीच्या वर्गणीवरून होत. आमच्या मजल्यावर मध्यममार्ग निघाला आहे. शेजारचे काका दोनदा जेवतात दीक्षितांप्रमाणे आणि मधे दर दोन तासांनी खातात दिवेकरांप्रमाणे.

यात विनोद बाजूला ठेवून सांगण्यासारखी गोष्ट एकच. ज्यांना साखर खाली ओढणाऱ्या काही विशिष्ट गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी मनाने जेवणं गाळली तर साखर धोक्याइतकी उतरते: घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. जेवणाची वेळ बदलायची तर आधी डॉक्टरांशी बोलायचं. आणि अशा वेळी उपाय काय? तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायची. जिच्यावर घरादाराने बहिष्कार टाकला, ती शेवटी खिशात पुडीत बाळगावी लागते. कारल्याच्या रसाचा तिथे उपयोग नाही.

आता आंबा. वाशीचा बाजार म्हणतात, पण आहे तो तुर्भ्याला; तिथल्या फळबाजारात मार्च-एप्रिलमध्ये देवगड-रत्नागिरीच्या पेट्या उतरायला लागल्या की पाम बीच रोडवरून जाताना नुसत्या कल्पनेनेच साखर चढते. डॉक्टरांना मी सरळ विचारलं. ते म्हणाले, मध्यम हापूसमध्ये एका पोळीपेक्षा थोडी जास्त कर्बोदकं असतात, तेव्हा आंबा खायचा तर पोळी सोडा आणि तोही फोडी करून, आमरस नको. रसाला वाटीचा हिशेब राहत नाही, हे त्यांना अनुभवाने माहीत असावं. मी या सौद्यावर खूश आहे. मे महिन्यात पोळी सोडायला दुसरं काही कारण लागतं, असं मला वाटत नाही.

आहाराच्या सगळ्या शत्रूंत सगळ्यात गोड शत्रू म्हणजे एक वाक्य: "एवढ्याने काय होतंय!" गणपतीत नेरूळहून कोपरखैरणे, तिथून घणसोली, मग उलट्या दिशेला कामोठे, असा दौरा झाला की प्रत्येक घरी एक मोदक आणि एक हे वाक्य. प्रसाद आहे, प्रसादाने शुगर वाढत नाही. नोव्हेंबरात तर गंमत बघा, 14 तारखेला जागतिक मधुमेह दिन असतो, कारण इन्सुलिन शोधणाऱ्या फ्रेडरिक बॅंटिंगचा तो जन्मदिवस. त्याच दिवशी आपला बालदिन, म्हणून ऑफिसातल्या आईबापांना शाळांतून उरलेली चॉकलेटं वाटायला मिळतात. गेल्या वर्षी मधुमेह जागृतीचं व्याख्यान आणि चॉकलेटवाटप आमच्या एकाच सभागृहात, एकाच तासात पार पडलं. वक्त्यांनीही एक घेतलं.

ताट फिरवल्यापासून माझा आकडा साडेसहाच्या खाली आला आहे. डॉक्टर खूश झाले, पण "बरा झालो" हा शब्द त्यांनी मला वापरू दिला नाही. ब्रिटनमधल्या डायरेक्ट नावाच्या प्रयोगात दिवसाला साडेआठशेच्या आतबाहेर कॅलरी देणारी पेयं तीन ते पाच महिने पाजून लोकांचं वजन उतरवलं. त्यांतल्या जवळजवळ निम्म्या, 46 टक्के, लोकांची साखर वर्षभराने गोळ्यांशिवाय ताब्यात होती. वजन परत आलं की मधुमेहही परत फिरतो, म्हणून बरा म्हणायचं नाही, फक्त पाहुणा बाहेर गेलाय असं समजायचं. एवढ्या कॅलरी आमच्याकडे एकादशीच्या सकाळीच संपतात, हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही.

तेव्हा वाचकहो, तिशी ओलांडली असेल, पोट पट्ट्याच्या पुढे गेलं असेल, किंवा आईवडिलांपैकी कोणाला शुगर असेल, तर एकदा एचबीएवनसी करून घ्या. तिच्यासाठी उपाशी राहावं लागत नाही. पोहे खाऊन गेलात तरी चालतं.